पत्र्यावरचा शिलालेख

१/ नाणेघाटातील राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आपण आदराने वाचतो. जुन्नरहून तिकडे नेणाऱ्या रस्त्यावरील पाट्यांकडे मात्र अभ्यासक ढुंकूनही पाहत नाहीत. माझे म्हणणे स्पष्ट आहे : पाटी हाही राजसत्तेचा लेखच आहे. त्याची चिकित्सा न करणे हा आपला आळस आहे.

२/ पाटी घडते कशी? अॅल्युमिनियमचा पत्रा कापून स्वच्छ करतात आणि त्यावर परावर्तक फिल्म दाबून बसवतात. फिल्ममधील सूक्ष्म काचमणी किंवा प्रिझम दिव्याचा प्रकाश गाडीच्याच दिशेने परतवतात. म्हणून काळोखात अक्षरे उजळतात.

३/ वळण, शाळा, वेगमर्यादा यांची चिन्हे ठरलेली असतात. इंडियन रोड्स काँग्रेसची 'आयआरसी : ६७' ही संहिता (प्रथम प्रकाशन १९७७) त्यांचे रंग व आकार ठरवते. एका नमुन्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येतात. येथवर तक्रार नाही.

४/ गावांच्या नावांचे तसे नाही. यादी कार्यालयातून ठेकेदाराकडे, तेथून संगणकावर अक्षरे जुळवणाऱ्याकडे आणि शेवटी फिल्म कापणाऱ्या यंत्राकडे जाते. पोथीची नक्कल करणारा लेखनिक निदान एखादी चूक सुधारत तरी असे. यंत्र चुकीचीही निष्ठेने नक्कल करते.

५/ रोमन लिपीत 'न' आणि 'ण' यांना एकच अक्षर. रोमन यादीवरून देवनागरी पाटी केली, की 'नाणेघाट'चा 'नानेघाट' व्हायला वेळ लागत नाही. ज्या नावात लोकांनी जकातीच्या नाण्यांची आठवण जपली, त्यातून नाणेच गळून पडते!

६/ आता आंबेगाव. मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याला नाव त्याचेच, मुख्यालय मात्र घोडेगावी. शिवाय पुणे शहराच्या दक्षिणेला आंबेगाव बुद्रुक व खुर्द आहेतच. नाणेघाटात सातवाहनांच्या मूर्ती नष्ट झाल्या, वर कोरलेली नावे उरली. आंबेगावचेही तेच झाले.

७/ 'पाटी वाट दाखवण्यासाठी असते, इतिहास शिकवण्यासाठी नव्हे,' असा आक्षेप येईल. पण वाट दाखवायलाच नाव अचूक लागते. आणि खर्चाचे म्हणाल, तर चुकीच्या अक्षराला जेवढी फिल्म लागते तेवढीच बरोबर अक्षराला लागते.

८/ म्हणून मागणी अशी : नाव आधी देवनागरीत, महसुली दप्तर व गावकऱ्यांचा उच्चार ताडून पक्के करावे. रोमन रूप त्यावरून बेतावे. फिल्म कापण्यापूर्वी नमुना ग्रामपंचायतीला दाखवावा. डिंभ्याच्या काठी ठळक अक्षरांत लिहावे : 'मूळ आंबेगाव या पाण्याखाली आहे.' ज्यांचे गाव गेले, त्यांचे एवढे देणे आपण लागतो.

९/ शिवनेरीला वा लेण्याद्रीला जाल तेव्हा वाटेवरच्या पाट्यांची छायाचित्रे घ्या, ठिकाण व तारीख नोंदवा. नाणेघाटचा दगड दोन हजार वर्षे टिकला. पत्रा बदलला, की जुना भंगारात जातो आणि त्याबरोबर पुरावाही.