डोळे मिटून नोट पाहा

माझ्या अल्बममध्ये जपानची एक हजार येनची नवी नोट आहे. ती ३ जुलै २०२४ ला चलनात आली आणि माझ्या तारवटी मामेभावाने सुट्टीवर येताना माझ्यासाठी आणली. पुढे शास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो, मागे होकुसाईची प्रसिद्ध लाट. नोट तिरकी केली की होलोग्राममधला चेहरा मान वळवतोय असं वाटतं. असा त्रिमितीय होलोग्राम जगात पहिल्यांदाच नोटेवर आलाय. घरी येईल त्याला मी तो दाखवते.

आजोबांनाही सांगायला गेले. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला आता सहा वर्षं झाली. ते म्हणाले, "दाखवतेस म्हणजे काय गो? हातात दे बघू." आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "नको, कोरी आहे, घडी पडेल."

त्या उत्तराची मला अजून लाज वाटते. पण लाज माझ्या एकटीची नाही, आमच्या छंदाचीही आहे. चलनात न फिरलेल्या कोऱ्या नोटेला आम्ही संग्राहक 'यूएनसी' म्हणतो आणि तिलाच सगळ्यात जास्त मान देतो. मग वॉटरमार्क, सुरक्षा धागा, रंग बदलणारी शाई, होलोग्राम यांची यादी करतो. ही सगळी डोळ्यांची कामं. माझं मत असं आहे की नव्या नोटेची पहिली परीक्षा बोटांनी घ्यावी. जी नोट अंध माणसाला ओळखता येत नाही, तिला पूर्ण सुरक्षित म्हणता येणार नाही, मग तिच्यात कितीही तंत्रज्ञान असो.

आपल्याच नोटा घ्या. महात्मा गांधी मालिकेतल्या जुन्या नोटांत पन्नासची १४७ मिलिमीटर लांब, शंभरची १५७ आणि पाचशेची १६७. दर टप्प्याला एक सेंटिमीटरचा फरक. आजोबा दोन बोटांत धरून नोट सांगायचे. नव्या मालिकेत शंभरची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. फरक फक्त चार मिलिमीटर! गेल्या पावसाळ्यात महिन्याचे पैसे देताना त्यांनी पोदेराला शंभराची समजून दोनशेची नोट दिली. पोदेर ओळखीचा, त्याने ती लगेच परत हातात ठेवली. बाजारात अनोळखी माणूस असता तर?

नव्या नोटांवर खुणा नाहीत असं नाही. शंभरवर उठावाचा त्रिकोण आहे, पाचशेवर वर्तुळ. कडेला तिरक्या रेघा आहेत, शंभरवर चार, पाचशेवर पाच. कोऱ्या नोटेवर त्या बोटाला छान लागतात. पण मासळी बाजारात, बसमध्ये, ओल्या खिशात फिरून नोट मऊ पडली की उठाव झिजतो. दहा, वीस, पन्नासवर तर हा उठाव नाहीच, आणि गरीब माणसाचा रोजचा व्यवहार याच नोटांत होतो. आम्हा संग्राहकांना हे कळत नाही, कारण आमची नोट कधी झिजतच नाही.

बाहेर काय चाललंय तेही पाहा. जपानच्या पाच हजार आणि दहा हजारच्या नोटांतही लांबीचा फरक चारच मिलिमीटर आहे, पण उठावाच्या अकरा रेघांची जागा प्रत्येक नोटेवर वेगळी ठेवलीय. इंग्लंडच्या दहा, वीस आणि पन्नास पौंडांच्या पॉलिमर नोटांवर ठिपक्यांचे अनुक्रमे दोन, तीन आणि चार पुंजके आहेत. ऑस्ट्रेलियात नाताळात मिळालेली कोणती नोट कितीची, हे एका अंध शाळकरी मुलाला कळेना. त्याने मोहीम चालवली आणि २०१६ च्या नव्या पाच डॉलरच्या नोटेपासून तिथे बोटांना लागणारे उंचवटे आले.

आपल्याकडेही नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये 'मणी' नावाचं अ‍ॅप आणलं. फोनसमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगतं, इंटरनेटही लागत नाही. चांगली सोय आहे. पण नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही. शिवाय भर बाजारात एकेक नोट फोनसमोर धरायची म्हणजे आपल्याकडे किती पैसे आहेत हे चार लोकांना ऐकवायचं. मैत्रीण म्हणते, आता यूपीआय आहे ना! आहे. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाने स्वतःचे पैसे स्वतःच्या हाताने मोजायची इच्छा ठेवली, तर त्यात जुनाटपणा कसला? संत थॉमसने हात लावून पाहायचा हट्ट धरला म्हणून आपण त्याला संशयी म्हणतो. आजोबांना तर हात लावण्यावाचून मार्गच नाही.

म्हणून कॉलेजातल्या नोटा जमवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: प्रत्येक कोऱ्या नोटेशेजारी एक वापरलेली नोट ठेवा. दोन्ही डोळे मिटून हाताळा. कुठल्या देशाची खूण झिजूनही टिकते हे वहीत लिहा, आणि आपल्या नोटा कुठे कमी पडतात तेही उघडपणे बोला.

जपानी नोट मी शेवटी प्लॅस्टिकमधून काढून आजोबांच्या हातात दिली. त्यांनी कडेकडेने अंगठा फिरवला, तिरक्या रेघांवर थांबले आणि म्हणाले, "ही खूण काय गो?" नोटेला बारीक घडी पडलीय. आता ती यूएनसी राहिली नाही. राहू दे तशीच.