बॉक्सिंग, आपल्या मुली आणि आपली अहिंसा



मुलगी बॉक्सिंग शिकायचं म्हणाली, तर आपल्या घरांत पहिला शब्द निघतो तो ‘हिंसा’. थोड्या वेळाने दुसरं वाक्य येतं, ‘नाकाडोळ्याला काही झालं तर लग्न कसं जमायचं?’ मला वाटतं, खरी काळजी बऱ्याचदा दुसऱ्या वाक्यात असते आणि पहिल्या शब्दाने ती झाकली जाते. म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

आधी आपल्या महाराष्ट्राच्या एका मुलीबद्दल. नागपूरची अल्फिया पठाण. वडील पोलीस दलात. गणेश पुरोहित सरांच्या हाताखाली ती तयार झाली. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किल्स शहरात युवा जागतिक बॉक्सिंग स्पर्धा झाली. तिथे ८१ किलोंवरच्या गटात अल्फियाने मोल्दोव्हाच्या मुलीला ५-० असं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी एकूण सात सुवर्णपदकं आणली. पुढच्याच वर्षी कझाकस्तानातल्या एलोर्डा कप स्पर्धेत अल्फियाने तिथल्याच माजी जगज्जेतीला अंतिम लढतीत हरवलं. त्याच वर्षी पुण्याची देविका घोरपडेही ५२ किलो गटात युवा जगज्जेती झाली.

एक ५२ किलोंची, दुसरी ८१ किलोंच्या वरची. दोघींनाही जागा आहे, दोघींनाही पदक आहे. आपल्याकडे मुलगी जरा अंगाने भरली की तिच्या ताटातली पोळी मोजली जाते. पाहुण्यांसमोर कोणता रंग घातला की बारीक दिसेल, यावर चर्चा होते. रिंगणात मात्र वजन ही लाज नसते, तो फक्त गट असतो. एवढी एक गोष्ट जरी आपल्या मुलींना कळली तरी किती ओझं उतरेल!

आता हिंसेचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाठशाळेत आपण चार प्रकार शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसा तर सोडायचीच. बॉक्सिंगमधला ठोसा मारायच्या हेतूनेच मारलेला असतो, डोक्याला मार बसू शकतो. ती अहिंसाच आहे असं मी म्हणणार नाही. पण आपल्या शास्त्राने हिंसा ओळखताना आतल्या भावाला, कषायाला फार महत्त्व दिलंय. रिंगणात दोघी आपल्या मर्जीने उतरतात, वजन सारखं असतं, डोक्याला संरक्षण असतं, पंच असतो. घंटा झाली की हात थांबतो आणि शेवटी दोघी गळाभेट घेतात. तिथे वैर धरून चालत नाही, कारण राग आला की चूक होते. तरीही एखादीला आपल्या व्रतात हे बसत नाही असं वाटलं, तर तिचा मी आदर करते. फक्त तो नियम मुलालाही लावावा. मुलाला कराटेच्या क्लासला घालताना ‘हिंसा’ हा शब्द आपल्या घरांत ऐकू येत नाही.

आणि एक कठीण गोष्ट. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. त्यानंतर २०१२ मध्ये परळीचं गर्भपाताचं प्रकरण राज्यभर गाजलं. ‘तो दुसऱ्यांचा प्रश्न’ असं म्हणून आपण सुटत नाही. त्याच जनगणनेत देशभरातल्या जैन समाजात हा आकडा ८८९ होता, देशाच्या सरासरीहून कमी. साक्षरतेत आपण सगळ्यांच्या पुढे, पाणी गाळून पिणारे, मुंगीला जपणारे. मग या मुली कुठे गेल्या? संकल्पी हिंसा म्हणतात ती हीच. रिंगणातला ठोसा मोजायच्या आधी हा हिशोब मांडायला हवा. जिला जन्माला येऊ दिलं तिला ‘नाजूक राहा, गप्प राहा’ म्हणत वाढवणं, हेही त्याच विचाराचं धाकटं रूप आहे.

राहिला खाण्याचा प्रश्न. ताकद मांसाहाराशिवाय येत नाही हे खरं नाही. मूग, हरभरा, शेंगदाणे, सोयाबीन, दूध, पनीर हे सगळं आपल्या स्वयंपाकघरात आहेच. अडचण वेगळीच आहे. सराव संध्याकाळी असतो आणि आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो. यावर मार्ग घरानेच काढायचा: पहाटेचा सराव मागायचा, नाहीतर दुपारचं खाणं नीट भरून द्यायचं. मुलाच्या नीटच्या क्लाससाठी आपण घराचं वेळापत्रक बदलतो, मग मुलीच्या खेळासाठी का नाही?

मेरी कोम जुळ्या मुलांची आई झाल्यावर पुन्हा रिंगणात उतरली आणि २००८ मध्ये पुन्हा जगज्जेती झाली. बाईचं शरीर लग्नापुरतं आणि बाळंतपणापुरतं नसतं, हे तिने दाखवून दिलं.

प्रत्येक मुलीने बॉक्सर व्हावं असं माझं म्हणणं नाही. धावू दे, पोहू दे, कबड्डी खेळू दे. पण ती विचारेल तेव्हा अहिंसेच्या नावाखाली आपली भीती तिच्या हातात देऊ नका. नकार द्यायचाच असेल तर खरं कारण सांगा. आणि या चातुर्मासात बायकांच्या स्वाध्यायात एक दिवस त्या ८८९ या आकड्यावर बोलूया. तिथे बोलायचं धाडस झालं, तर मुलीला मैदानावर पाठवायचं धाडसही होईल.