काटा अडतो तेव्हा

पारगाव म्हटलं की आमच्या भागात लगेच प्रश्न येतो, कुठलं? कारखान्याचं की तर्फे आळेचं? पहिलं आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकर साखर कारखान्याचं. दुसरं जुन्नरमधलं. दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे बिबट्या आणि आता दोन्हीकडे सकाळी चालायला निघालेली माणसं. बिबट्यामुळे उजाडल्याशिवाय चालायला कुणी उंबरा ओलांडत नाही. निघाले तरी घोळक्याने, हातात काठी, मोबाइलवर भजन मोठ्याने लावून. उसाच्या कडेची पायवाट सोडून डांबरीवरच फेऱ्या मारायच्या, आणि गळीत हंगामात त्या डांबरीवरही ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना वाट द्यायची. एवढा जीव मुठीत धरून चालणाऱ्या माणसाचं वजन उतरायलाच हवं, असं कुणालाही वाटेल.

तसं ते उतरतंही. पहिले दोन-तीन महिने मजेत जातात, ब्लाउज सैल होतात, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं. मग एक दिवस काटा अडतो. "अहो, भाकरी निम्म्यावर आणली, रात्रीचा भात बंद केला, रोज चालते, आणि हा मेला काटा जागचा हलेना," असं आमच्या आळीतल्या काकू म्हणतात, तेव्हा घोळक्यातल्या निम्म्या बायका माना डोलावतात. कांद्याच्या बाजारभावाखालोखाल या रस्त्यावर सर्वांत जास्त चर्चेचा विषय हाच.

महाराष्ट्रात हा प्रश्न घरोघर पोचला तो डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून त्यांनी उचललेली पद्धत आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे: कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, दोनदाच जेवा, 55 मिनिटांच्या आत उरका, मधे काही नको, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. त्याच सुमारास ऋजुता दिवेकर यांचा दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचा सल्लाही गाजत होता. एकेका घरात दोन पक्ष पडले, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर भांडणं झाली. आज गंमत अशी की दोन्ही पक्षांचे बरेच कार्यकर्ते एकाच ठिकाणी येऊन थांबलेत. आहार कुठलाही असो, साधारण सहाव्या ते आठव्या महिन्याला बहुतेकांचं वजन थांबतं, आणि पुढे हळूहळू वर सरकू लागतं. जगभरच्या आहार-चाचण्यांत हाच आलेख दिसतो.

मुळात सुरुवातीचा वेगच थोडा फसवा असतो. शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा एक साठा ठेवतं, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. जेवण कमी केलं की आधी हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. ऊसवाल्याला हे वेगळं सांगायला नको. तोडलेला ऊस दोन दिवस ट्रॉलीत पडून राहिला की कारखान्याच्या काट्यावर कमी भरतो, ते साखर उडून गेली म्हणून नव्हे. पहिल्या पंधरवड्यात गेलेल्या किलोंवरून पुढचा हिशेब मांडणारा माणूस म्हणूनच तोंडघशी पडतो.

पुढचं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि चालणाऱ्यांच्या घोळक्यात ते कधीच निघत नाही. वजन घटलेलं शरीर चालवायला कमी इंधन लागतं. दर किलोमागे रोजचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी घटतो. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पण अमेरिकेतल्या केविन हॉल यांच्या गटाने 2016 मध्ये दुसरी बाजू मोजली: दर घटलेल्या किलोमागे भूक रोज सुमारे 100 कॅलरींनी वाढते. म्हणजे 8 किलो उतरवलेल्या माणसाचा खर्च दोनेकशे कॅलरींनी कमी झालेला असतो, आणि भूक मात्र आठशे कॅलरींचं जादा मागत असते. रोज. सकाळी निश्चय करणारा माणूस एक, संध्याकाळी पाचला डब्याचं झाकण उघडणारा दुसरा, असं आपण गमतीने म्हणतो. पण त्या दुसऱ्याच्या पाठीमागे अख्खं शरीर उभं असतं. पोटातून भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलेलं, चरबीतून पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटलेलं, आणि ही स्थिती वजन उतरवल्यावर वर्षभरानेही टिकते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं. अडलेल्या काट्याला "आळस" म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. आणि आपल्याकडे तसं म्हणतं कोण, तर ज्यांनी जन्मात कधी पाव किलो उतरवलेलं नाही ते.

टोकाचं उदाहरण पाहायचं तर अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या टीव्ही स्पर्धेचं. तिथल्या 14 स्पर्धकांना 6 वर्षांनी पुन्हा तपासलं. त्यांनी सरासरी 58 किलो उतरवले होते. त्यातले 41 परत आले होते. तरीही त्यांचं शरीर स्वस्थ बसल्यावर जेवढं जाळायला हवं त्याहून रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. उपाशी ठेवल्याचं शरीर विसरलेलंच नव्हतं.

आता काकूंच्या निम्म्या भाकरीकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली अशाच दहा जणांना तपासलं, ज्यांचं म्हणणं होतं की आम्ही 1200 कॅलरींच्या आत खातो आणि वजन तरी हलत नाही. त्यांची चयापचय क्रिया अगदी ठीक निघाली. ते सांगत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट खात होते, आणि व्यायाम मात्र निम्म्याहून अधिक फुगवून सांगत होते. खोटं बोलत होते असं नव्हे. भाकरी मोजली जाते, बाकीचं मोजलंच जात नाही.

आमच्याकडे हे बाकीचं म्हणजे काय? पहिला नंबर चहाचा. कारखान्याच्या सभासदाच्या घरात साखर गोणीने येते, आणि दोन चमचे साखर घातलेल्या दुधाच्या चहाच्या एका कपात 80 च्या आसपास कॅलरी असतात. दिवसातून चार कप झाले की साडेचार किलोमीटरची कमाई गेली आणि वर कर्ज. कारण 70 किलोच्या माणसाने तेवढं चालून खर्च होतात जेमतेम दोनशे कॅलरी, म्हणजे मूठभर भाजलेले शेंगदाणे. मग एकादशी: साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, तूप. मग पाहुण्यांसाठी मासवडी. जुन्नर-आंबेगावच्या माणसाने मासवडीला नाही म्हणावं अशी माझीही अपेक्षा नाही, पण तिच्या पोटात तीळ, खोबरं आणि शेंगदाणे ठासून भरलेले असतात आणि वर रश्शाचा तवंग असतो, हे खाताना आठवावं. आणि सप्ताहाच्या पंगतीत वाढप्या उभा राहिला की निम्म्या भाकरीचा नेम मोडतोच. माझं मत विचाराल तर दीक्षितांच्या पद्धतीची खरी करामत दोन जेवणांमधला हा चहा-फराळाचा दरवाजा बंद करण्यात आहे. त्या पद्धतीमागचा इन्सुलिनचा सिद्धांत किती खरा, ते तज्ज्ञ ठरवतील. ज्यांचं वजन त्या पद्धतीवर थांबलं, त्यांच्यापैकी कितीतरी घरांत तो दरवाजा पुन्हा किलकिला झालेला मी पाहिलाय.

चालण्याचंही एक गौडबंगाल आहे. टांझानियातल्या हाडझा या शिकारी लोकांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च हर्मन पाँट्झर यांनी 2012 मध्ये मोजला. मैलोन्‌मैल चालणारी ती माणसं, शरीराचं आकारमान जमेस धरलं तर, अमेरिकेतल्या बैठ्या माणसांइतकीच ऊर्जा खर्च करत होती. शरीर एकीकडे वाढलेला खर्च दुसरीकडे आखडून भागवतं, असा त्याचा अर्थ ते लावतात. त्यावर वाद आहे. पण आमच्या रस्त्यावर जे डोळ्यांना दिसतं ते याला धरूनच आहे. सकाळी चालून आलेला माणूस दिवसभर हक्काने बसतो. शेतावर जायला मोटारसायकल, नांगरायला ट्रॅक्टर, फवारणीला मजूर. वडील जे काम दिवसभर अंगाने करत होते ते आपण पाऊण तासात उरकल्यासारखं करतो.

त्यात झोप. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की उसाला पाणी द्यायला मध्यरात्री उठायचं, एका हातात बॅटरी, लक्ष सगळं बिबट्याकडे, आणि पहाटे पुन्हा दुधाची वेळ. शिकागोतल्या एका प्रयोगात तोच आहार देऊन माणसांना एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपू दिलं. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी 55 टक्के कमी गेली. त्याऐवजी स्नायू झडले. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी या मागणीला आरोग्याची बाजू आहे, ती कुणी मांडत नाही.

स्नायू का महत्त्वाचे, याचं उत्तर पुण्यातच मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून त्यांनी गरोदर बायकांचा आणि बाळांचा जो अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं: आपलं बाळ जन्मतः सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडचं साडेतीन किलोचं, पण तुलनेने चरबी आपल्याच बाळाच्या अंगावर टिकून. काटा या दोन देहांतला फरक सांगू शकत नाही. म्हणून भाकरी आणखी अर्धी करण्यापेक्षा मटकी, अंडी, ताक, हुलग्याचे शेंगोळे ताटात वाढवावेत, आणि आठवड्यातून दोन-तीनदा पाण्याचे हंडे का होईना, पण वजन उचलावं. काटा त्याने हलेलच असं नाही.

थायरॉईड, पाळीच्या तक्रारी, स्टेरॉइडसारखी औषधं असतील तर डॉक्टरांकडे जरूर जा. मात्र थायरॉईडच्या नावावर फार तर चार-पाच किलो टाकता येतात, पंधरा नाही.

बाकीच्यांनी काटा महिनाभर कपाटावर ठेवावा आणि शिंप्याची टेप घ्यावी. आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटर आणि बाईची 80 सेंटीमीटर ही धोक्याची रेघ मानतात. तुम्ही त्या रेघेच्या आत असाल, किंवा टेप दर महिन्याला थोडी थोडी आत सरकत असेल, आणि रक्तातली साखर व दाब जागेवर असेल, तर वजन अडलेलं असलं तरी जेवण आणखी कमी करू नका.