कौल मागितला, मग तो मानावा

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राज्यघटनेचा धडा आपण सगळेच पाठ करतो. आइसलँड या बेटावरच्या देशात मात्र सामान्य नागरिकांनी ती स्वतः लिहायला घेतली. तिचे पुढे काय झाले, हे पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही वाचावे असे आम्हांस वाटते.

२००८ साली या जेमतेम सव्वातीन लाख वस्तीच्या देशातील तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांत बुडाल्या. लोक भांडी बडवत रस्त्यावर उतरले आणि सरकार गेले. डेन्मार्कच्या राजवटीतील घटनेवरून बेतलेली १९४४ ची राज्यघटना बदलावी, ही मागणी जोर धरू लागली. २०११ मध्ये २५ नागरिकांच्या मंडळाने चार महिन्यांत नवा मसुदा तयार केला. त्यात खासदारांना जागा नव्हती. मसुदा इंटरनेटवर ठेवून लोकांच्या सूचनाही घेतल्या गेल्या.

२० ऑक्टोबर २०१२ रोजी मतदान झाले. सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी याच मसुद्यावरून नवी घटना करावी, असा कौल दिला. पण तो सल्ल्यापुरताच होता. संसदेने मसुदा मंजूर केला नाही आणि १९४४ चीच घटना चालू राहिली. निम्मे मतदारही आले नव्हते, असे विरोधक म्हणतात. पण जे आलेच नाहीत, त्यांचे मत ‘नको’ असे कसे धरायचे?

आम्हा गोवेकरांना जनमत कौल नवा नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हे लोकांना विचारले गेले. आमच्यापैकी अनेकांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ‘फुला’वर शिक्का मारला होता. सुमारे चौतीस हजार मतांनी ‘दोन पाने’ जिंकली. त्यांना वाईट वाटले, तरी त्यांनी निकाल मानला, दिल्लीनेही मानला. म्हणूनच त्या मतदानाला किंमत राहिली.

आपल्या शाळेतही हेच लागू आहे. गणवेश, सहल, शाळेची वेळ यांबद्दल पालकांचे मत मागवायचे असेल, तर ते मानणार की केवळ ऐकून घेणार, हे आधीच सांगावे. मानता आले नाही, तर कारण कळवावे. नाहीतर पुढच्या पालकसभेत खुर्च्या तेवढ्या मांडलेल्या असतील, माणसे नसतील.