खाडा आणि गर्भ

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. उचल त्या जोडीच्या नावावर असते. त्यामुळे बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात गेलेल्या बाईला दिवस गेले, तरी डोक्यावरील मोळी उतरत नाही. कामावर न गेल्यास मुकादम खाडा लावतो. अशा वेळी रक्ताचा डाग दिसला की ती तो लपविते. यात अज्ञानापेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे.

हा डाग लपविण्याजोगा नसतो. पहिल्या तीन महिन्यांत किंचित रक्तस्राव झाला म्हणजे गर्भ गेलाच असे नव्हे. अशा अनेक स्त्रिया पुढे सुखरूप बाळंत होतात. परंतु तपासणी त्याच दिवशी व्हावयास हवी. रक्तासोबत ओटीपोटात कळा, कंबरदुखी, गाठी पडणे, पाणी जाणे ही धोक्याची चिन्हे होत. पोटात एका बाजूस तीव्र वेदना, खांद्यात कळ आणि भोवळ आल्यास गर्भ गर्भाशयाबाहेर राहिल्याची शंका घ्यावी. तेथे विलंब प्राणावर बेततो. ताप व दुर्गंधीयुक्त स्राव असल्यासही तातडीने रुग्णालय गाठावे.

पहिल्या तिमाहीतील सुमारे निम्मे गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. बाईच्या कुशीला बोल लावणाऱ्या सासरच्यांनी (आणि काही कार्यकर्त्यांनीही) हे ध्यानी घ्यावे. मिश्री-तंबाखू सोडणे, मधुमेह व हिवतापावर वेळीच उपचार घेणे, दुकानातून आणलेली गोळी परस्पर न घेणे, एवढे स्त्रीच्या हाती आहे. पण जड ओझी, दीर्घ तास आणि रात्रपाळी यांनीही धोका वाढतो, आणि ते तिच्या हाती नाही.

कायद्याचे काय? गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली. कष्टाच्या कामातून सूट मात्र त्याने प्रसूतीपूर्वीच्या शेवटच्या दहा आठवड्यांपुरती ठेवली, तीही स्त्रीने मागितली तर. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तोच कालावधी कायम ठेवला. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांत होतात! शिवाय मुकादमामार्फत फडात उतरलेल्या बाईपर्यंत ही रजा व ही सूट सहसा पोहोचतच नाही.

तोडणीच्या दराच्या वाटाघाटींत टनामागील रुपयांवर रात्री जागविल्या जातात. त्याच टेबलावर गर्भवतीचा खाडा रद्द करणे, पहिल्या महिन्यापासून मजुरी न कापता तिची मोळी उतरविणे आणि रुग्णालयापर्यंतच्या वाहनाचा खर्च कारखान्याकडे देणे, या तीन मागण्या लेखी ठेवल्या पाहिजेत.