नावं ठेवलेला तारा

थंडीच्या दिवसांत ईशानंतर गच्चीवर गेलात, तर उत्तरेच्या बाजूला बरेच उंचावर मध्यम तेजाचा एक तारा दिसेल. दिसायला अगदी साधा. पण याच्याइतके वाईट नाव आकाशात क्वचितच कुणाच्या वाट्याला आले असेल. अरबीत त्याला 'रासुल-गूल' म्हणतात, म्हणजे गूलचे डोके. गूल म्हणजे ओसाड रानात वाटसरूला चकवून नेणारे भूत. उर्दू वाचणाऱ्यांना 'गूल-ए-बयाबानी' हा शब्द ओळखीचा असेल. या 'अल-गूल'चेच युरोपात 'अल्गोल' झाले आणि आज जगभरच्या नकाशांवर तो याच नावाने आहे. तिकडचे ज्योतिषी त्याची गणना सर्वांत अशुभ ताऱ्यांत करत.

नववीच्या वर्गात हे नाव फळ्यावर लिहिले, की एक हात वर येतोच. "टीचर, हा तारा मनहूस असतो का?" मुले हसतात, पण उत्तराची वाटही पाहतात. कारण घरात मनहूस दिवस, मनहूस महिना, मनहूस पाऊल हे शब्द त्यांच्या कानावर पडलेले असतात. म्हणून या वेळी या एका ताऱ्याची सगळी हकिगत सांगते.

नाव आले कुठून?

पहिली गोष्ट अशी, की हे भीतीचे नाव अरबांचे मूळचे नव्हते. दुसऱ्या शतकात इजिप्तमधील इस्कंदरिया शहरात बतलीमूस, म्हणजे टॉलेमी, हा विद्वान होऊन गेला. त्याच्या ग्रीक ग्रंथात या ठिकाणी एका वीराचे चित्र कल्पिलेले आहे. त्या वीराच्या हातात गॉर्गन नावाच्या राक्षसिणीचे कापलेले मुंडके आहे आणि हा तारा त्या मुंडक्यात आहे. हा ग्रंथ पुढे अरबीत आला, तेव्हा अनुवाद करणाऱ्यांना गॉर्गनसाठी आपल्या भाषेत जवळचा शब्द सापडला तो गूल. म्हणजे भूत भाषांतरातून आले.

वाळवंटातल्या अरबांचे स्वतःचे आकाश याहून निराळे होते. आपण ज्यांना कृत्तिका म्हणतो, त्या ताऱ्यांच्या झुबक्याला ते सुरय्या म्हणत. हे नाव आपल्या कितीतरी मुलींचे आहे. ही सुरय्या त्यांना हात पसरलेल्या स्त्रीसारखी वाटे. आपल्या ययाती नक्षत्रातला सर्वांत तेजस्वी तारा मिर्फक हा तिचा कोपर, कारण अरबीत मिर्फक म्हणजे कोपरच. आणि त्यापलीकडे शर्मिष्ठा नक्षत्रात तिचा मेंदी लावलेला तळवा, 'अल-कफ्फुल-खदीब'. आज जिथे आपण मुंडके शोधतो, त्याच आकाशातून मेंदीचा एक हात गेलेला आहे. ज्याला जे पाहायचे, ते त्याने पाहिले.

इसवी सन ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस-सूफी या इराणी खगोलविदाने या दोन्ही परंपरा एका ग्रंथात आणल्या. ग्रंथाचे नाव 'किताबु सुवरिल-कवाकिब', म्हणजे ताऱ्यांच्या आकृत्यांचे पुस्तक. ग्रीक आकृत्या, अरबांची जुनी नावे, प्रत्येक ताऱ्याची जागा आणि तेजाची प्रत असे सारे त्यात आहे. बतलीमूसने दिलेली तेजाची प्रत त्यांनी तशीच उतरवून घेतली नाही, तर स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहिली. देवयानी नक्षत्रातल्या धूसर ठिपक्याची, म्हणजे आजच्या देवयानी दीर्घिकेची, 'छोटा ढग' अशी नोंदही याच ग्रंथात सापडते. दुर्बिणीच्या साडेसहाशे वर्षे आधीची ही नजर आहे.

एक मुलगा मोजायला बसतो

या ताऱ्याची खरी खोड अशी, की तो मधूनच मंद होतो. त्याचे तेज कमी-जास्त होते हे सतराव्या शतकात इटलीच्या जेमिनियानो मोंतानारी यांनी नोंदवले होते. पण ते केव्हा होते, किती वेळाने होते, हे कुणी सांगितले नव्हते.

ते काम इंग्लंडमधील यॉर्क शहरातल्या एका मुलाने केले. त्याचे नाव जॉन गुडरिक. लहानपणीच त्याची श्रवणशक्ती गेली होती. त्या काळात बहिऱ्या मुलाला शिकवता येते, यावरच पुष्कळांचा विश्वास नव्हता. पण त्याच्या घरच्यांनी त्याला एडिंबरा शहरात थॉमस ब्रेडवुड यांच्या शाळेत पाठवले. ती बहिऱ्या मुलांसाठीच काढलेली शाळा होती. तिथून तो वॉरिंग्टनच्या विद्यालयात गेला, गणित शिकला आणि घरी परतला. यॉर्कमध्ये शेजारीच एडवर्ड पिगट हे आकाश निरीक्षक राहत. दोघांची मैत्री जमली. कोणते तारे तेज बदलतात ते शोधायचे, असे त्यांनी ठरवले.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री गुडरिकला अल्गोल नेहमीपेक्षा मंद दिसला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. आधी त्याला ते खरेच वाटेना. मग तो आभाळ मोकळे असेल त्या रात्री पाहत राहिला आणि लिहीत राहिला. दुर्बिणीची इथे गरज नव्हती. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची, घड्याळ पाहायचे आणि वहीत लिहायचे, एवढेच काम होते. हिवाळा संपेपर्यंत हिशेब जुळला. अल्गोल ठरावीक वेळाने, न चुकता मंद होत होता. १७८३ च्या मे महिन्यात त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. मंद होण्याचे एक संभाव्य कारणही त्यात दिले होते. या ताऱ्याभोवती एखादी मोठी वस्तू फिरत असावी आणि ती आपल्या व त्याच्या मधे येत असावी. त्याच वर्षी त्याला सोसायटीचे कोपली पदक मिळाले. १७८६ च्या एप्रिलमध्ये त्याला सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि त्यानंतर काही दिवसांतच, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याचा अंदाज खरा होता, हे सिद्ध व्हायला शंभरहून अधिक वर्षे लागली. १८८९ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथे हेरमान फोगेल यांनी अल्गोलच्या प्रकाशाचे पृथक्करण केले. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या प्रकाशातील रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर लाल बाजूला. अल्गोलच्या रेषा ठरलेल्या वेळेने पुढे-मागे सरकत होत्या. म्हणजे तो कुणासोबत तरी गोल फिरत होता. एक दिसणारा तारा हे प्रत्यक्षात दोन ताऱ्यांचे जोडपे आहे, हे पक्के झाले.

भुताच्या जागी ग्रहण

आता या जोडप्याची माहिती घेऊ. मोठ्या तेजाचा तारा निळसर पांढरा आहे. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान १२ हजार अंशांच्या वर, आपल्या सूर्याच्या दुपटीहून जास्त. वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३.२ पट आणि तेज दीडशे पटींहून अधिक. दुसरा तारा नारिंगी आहे. तापमान सुमारे साडेचार हजार अंश, वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.७ पट, पण आकाराने फुगलेला, पहिल्यापेक्षाही मोठा. दोघांमधले अंतर एक कोटी किलोमीटरहूनही कमी आहे. आपला बुध ग्रह सूर्यापासून याच्या सहापट लांब फिरतो. एक तिसरा ताराही या कुटुंबात आहे. तो बराच दूर राहून सुमारे ६८० दिवसांत या दोघांभोवती एक फेरी घालतो. मंद होण्याशी त्याचा संबंध नाही.

आतले दोघे एकमेकांभोवती २ दिवस २० तास ४९ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतात. आपली नजर त्यांच्या फिरण्याच्या पातळीतच येते, म्हणून प्रत्येक फेरीत नारिंगी तारा तेजस्वी ताऱ्यासमोरून जातो. पेट्रोमॅक्सच्या समोर मोठ्या काचेचा मंद कंदील आणून धरावा, तसे होते. पेट्रोमॅक्स पूर्ण झाकला जात नाही, पण बराचसा झाकला जातो. सुमारे पाच तास तेज उतरत जाते आणि पुढचे पाच तास ते चढत पूर्ववत होते. सर्वांत खाली असताना अल्गोलचे तेज नेहमीच्या एक तृतीयांशाहून कमी उरते. उलट पेट्रोमॅक्स कंदिलासमोर आला, तर उजेडात फारसा फरक पडत नाही. तो दुसरा उतार आपल्या डोळ्यांना कळत नाही.

गूलचे डोळे मिचकावणे म्हणतात ते एवढेच. ते ग्रहण आहे. आणि ग्रहणाबाबत आपल्या घरांत तरी शंका उरायला नको. हजरत मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक दोन्ही गोष्टी जोडू लागले, तेव्हा खुद्द दुःखात असलेल्या पित्याने त्यांना सांगितले, की ग्रहणाचा कुणाच्या जन्माशी वा मृत्यूशी संबंध नसतो.

कमी वजनाचा, पण वयाने पुढे

या ताऱ्याने शास्त्रज्ञांनाही काही काळ कोड्यात टाकले होते. नियम असा, की जड ताऱ्याकडे इंधन जास्त असते, पण तो ते फार उधळेपणाने जाळतो आणि आधी म्हातारा होतो. हलका तारा जपून जाळतो आणि दीर्घकाळ टिकतो. अल्गोलचे दोन्ही तारे एकाच वेळी जन्मलेले. मग जड तारा अजून तरुण आणि हलका तारा फुगून उतारवयाला लागलेला, असे उलटे कसे?

१९५५ मध्ये जॉन क्रॉफर्ड यांनी त्याचा उलगडा मांडला. आज हलका असलेला तारा सुरुवातीला जड होता. तो आधी म्हातारा झाला आणि फुगू लागला. जोडीदार इतका जवळ, की फुगलेल्या ताऱ्याच्या बाहेरच्या थरावर जोडीदाराची ओढ भारी पडली आणि त्याचा वायू तिकडे वाहू लागला. देता देता देणारा हलका झाला आणि घेणारा जड झाला. हा ओघ आजही पूर्ण थांबलेला नाही. वजनाचा आजचा आकडा पाहून जुना इतिहास ओळखता येत नाही, हे खगोलशास्त्र या जोडप्याकडून शिकले. अशा जोड्यांना आता 'अल्गोल वर्गाचे तारे' असेच म्हणतात. बदनाम नावाचे एका अभ्यासशाखेचे नाव झाले.

तुम्ही काय कराल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने यासाठी चांगले. डिसेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास कृत्तिका, म्हणजे सुरय्या, जवळजवळ डोक्यावर असते. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. हात लांब करून मूठ धरा. सुरय्यापासून सुमारे दोन मुठी खाली, किंचित डावीकडे अल्गोल दिसेल. त्याच्या खाली उजवीकडे, साधारण एका मुठीवर मिर्फक. डावीकडे, मुठीहून थोड्या जास्त अंतरावर देवयानी नक्षत्राच्या टोकाचा अलमाक. हे तिघे मिळून त्रिकोण होतो.

एरवी अल्गोल आणि अलमाक जवळजवळ सारख्याच तेजाचे दिसतात. आठवडाभर रोज दोन वेळा, ईशानंतर आणि झोपण्यापूर्वी, मुलांना एवढेच विचारा: दोघांत कोण जास्त तेजस्वी? उत्तर तारीख आणि वेळेसह वहीत लिहू द्या. दर ६९ तासांपैकी सुमारे १० तास तो मंद होत किंवा पुन्हा उजळत असतो, म्हणून लगेच सापडला नाही तर कंटाळू नका. एखाद्या रात्री तो अलमाकपेक्षा स्पष्टच मंद दिसेल. त्या रात्री दर अर्ध्या तासाने पाहा. समजा, सोमवारी रात्री ११ वाजता तो सर्वांत मंद होता. मग पुढची वेळ गुरुवारी संध्याकाळी ७ वाजून ४९ मिनिटांची. हा हिशेब मुलांना स्वतः करू द्या आणि गुरुवारी सगळ्या घराला गच्चीवर बोलावू द्या. आपण सांगितलेल्या वेळी तारा मंद झालेला पाहणे ही गोष्ट पोर जन्मभर विसरत नाही. त्या रात्री त्याला हेही सांगा, की हा प्रकाश तिथून सुमारे ९० वर्षांपूर्वी निघाला. नानी-दादीचा जन्मही तेव्हा झाला नसेल.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे आणि 'नावं ठेवणे' म्हणजे दोष काढणे. या ताऱ्याच्या वाट्याला दोन्ही आले. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एखादी आई मुलाचा हात धरून येते आणि त्याच्यासमोरच सांगते, "याला ऐकू कमी येतं. शिकून काय करणार? बसू द्या मागे कुठेतरी." त्या आईला दोष देत नाही. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी त्या मुलाला ठेवलेली नावं ऐकून ती थकलेली असते. मी तिला एवढेच सांगते: मुलाच्या कानांची तपासणी करून घ्या, जिथे खास शिक्षण मिळते तिथे चौकशी करा, तोवर त्याला पहिल्या बाकावर माझ्या तोंडासमोर बसू द्या आणि त्याच्या हातात वही द्या. शेकडो वर्षे लोकांनी ज्या ताऱ्याला नावं ठेवली, त्याचा हिशेब वही घेऊन बसलेल्या एका बहिऱ्या मुलाने लावला होता.