पाहुणा चालतो, शेजारी का नको?

दूध संकलन केंद्रांवरची फॅट मशीनं आणि वजनकाटे दुरुस्त करणं हा माझा धंदा. महिन्यातले पंधरा दिवस एसटीत आणि खेड्यापाड्यांत जातात. २०२४ च्या रमजानमध्ये माळशिरस तालुक्यातल्या एका गावात काम लांबलं आणि शेवटची गाडी निघून गेली. मगरिबची वेळ जवळ आलेली, आणि खजुराचा डबा मी घरीच विसरलो होतो.

केंद्राचे सचिव म्हणाले, "आता कुठं जाता? घरी चला." घरी त्यांच्या आईंनी माझं नाव विचारलं. ऐकून लगेच म्हणाल्या, "मग रोजा असंल न्हवं? कवा सोडायचा?" पावणेसातच्या सुमारास त्यांनी पाण्याचा तांब्या, गूळ आणि शेंगदाणे पुढं ठेवले. नमाजसाठी बाज हलवून जागा करून दिली, वर धुतलेली चादर अंथरली. रात्री पिठलं-भाकरी. पहाटे चारला चुलीच्या धुरानं जाग आली. बघतो तर त्या माझ्या सहरीसाठी भाकरी थापत होत्या. मी संकोचलो, तर म्हणाल्या, "पालखी येती तवा वारकऱ्यांसाठी उठतोच की. त्यात काय!"

त्या वेळी घशाखाली घास उतरेना. हे मी मित्रांना सांगितलं आणि तिथून वाद सुरू झाला.

एक जुना वर्गमित्र म्हणाला, "बघ! आणि तुम्ही लोक उगाच रडता. कुठे आहे भेदभाव?" त्यानं माझा अनुभव दहा ग्रुपांवर पाठवला. आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा म्हणाले, "एखादी म्हातारी निघते अशी. त्यावर भाळू नकोस." एकानं त्या माऊलीच्या भाकरीचं प्रमाणपत्र केलं, दुसऱ्यानं तिला अपवाद ठरवून बाजूला सारलं. मला दोघांचंही म्हणणं मान्य नाही.

चाचांना माझं उत्तर सोपं आहे. पंधरा वर्षं मी या रस्त्यांवर फिरतोय. तिच्यासारखी घरं मला एकदा नाही, अनेकदा भेटली. त्यांना अपवाद म्हणणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं.

वर्गमित्राला मात्र थोडं सविस्तर सांगावं लागेल. त्या रमजाननंतर तीन महिन्यांनी मुलीच्या कॉलेजसाठी मी पुण्यात भाड्यानं घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं. भाडं, डिपॉझिट, पार्किंग. मग नाव विचारलं जायचं. मग एजंटचा आवाज बदलायचा. "मालकांचं काही नाही हो, सोसायटीचं जरा..." असं एकदा नाही, सहा ठिकाणी झालं. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मुस्लिमांना घर मिळवताना येणाऱ्या या अडचणीची नोंद आहे. म्हणजे हे माझं एकट्याचं रडगाणं नाही.

फरक कुठं आहे ते बघा. पाहुणा सकाळी उठून जातो. शेजारी राहतो. तो जिन्यात भेटतो, पाण्याच्या टँकरवरून भांडतो, सोसायटीच्या सभेत हात वर करून हिशेब मागतो, त्याची मुलं तुमच्या मुलांबरोबर खेळतात. पाहुण्याला जेवू घालणं हा यजमानाचा मोठेपणा असतो. शेजाऱ्याला राहू देणं हे त्याला बरोबरीचा मानणं असतं. मोठेपणा दाखवायला आपला समाज तयार आहे. बरोबरीचं नाव काढलं की सोसायटीचे नियम आठवतात.

संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं घेऊन धर्म-जातीवरून कुणाला अडवण्यास मनाई केली आहे. विहीर लिहावी लागली, कारण तिथं माणसं अडवली जात होती. भाड्याचं घर त्या यादीत स्पष्ट शब्दांत नाही. आज माणूस नेमका तिथंच अडवला जातोय.

२०२२ आणि २०२३ मध्ये बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी कुर्बानी पुढं ढकलली. बातम्या आल्या, कौतुक झालं. चांगलंच झालं. पण त्या कौतुकानं एकाही एजंटचा आवाज बदलला नाही.

आता आपल्या लोकांशी थोडं बोलतो. सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत जवळच्या शेजाऱ्याशी, परक्या शेजाऱ्याशी आणि वाटसरूशीही भलेपणानं वागायला सांगितलं आहे. आपण मात्र बिर्याणीची दावत देऊन मोकळे होतो. आपल्या मोहल्ल्यात रिकामी खोली असते तेव्हा तलाक झालेल्या एकट्या बाईला ती मिळते का? दलित कुटुंबाला? दुसऱ्या मसलकच्या माणसाला? मी दोन घरमालकांना ओळखतो, दोघेही पाचवक्ती नमाजी, दोघांनीही अशा माणसांना "खोली गेली" म्हणून परत पाठवलं. पुण्यातल्या एजंटला शिव्या देण्याआधी हे आठवलं पाहिजे.

यंदाच्या रमजानमध्ये त्या गावात पुन्हा काम निघालं. या वेळी खजूर घेऊन गेलो होतो. आजींनी पहिला प्रश्न केला, "पोरीला पुण्यात घर घावलं का?" मी म्हणालो, "घावलं." ते कोंढव्यात आहे, तिच्या कॉलेजपासून दोन बस लांब, आणि तिथंच का घ्यावं लागलं, हे मी त्यांना सांगितलं नाही. ज्या बाईनं माझ्यासाठी पहाटे चूल पेटवली, तिला हे कसं सांगणार?

तुम्हाला मात्र सांगतो. माझी ही गोष्ट पुढं पाठवणाऱ्या मित्रांनो, ती पाठवू नका. तुमच्या सोसायटीची पुढची सभा असेल तेव्हा उभे राहा आणि विचारा, इथं मुस्लिम भाडेकरू चालेल का? जे उत्तर येईल ते त्याच दहा ग्रुपांवर टाका.